अक्षरे धूसर का दिसतात? मॉनिटरच्या रिझोल्यूशनची दुरुस्ती

बुलडाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावात संगणक बिघडला, की दुरुस्तीसाठी बहुधा चिखली किंवा खामगाव गाठावे लागते. पडद्यावरील अक्षरे फुगली, धूसर झाली किंवा चित्र आडवे ताणले गेले, तर मात्र ही यातायात बहुतेक वेळा अनावश्यक असते. मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडावा. तो मेनू सुस्पष्ट दिसत असेल, तर दोष सहसा पडद्यात नसून संगणकाकडून येणाऱ्या चित्रात असतो. रेघा वा काळे डाग मेनूवरही दिसले, तरच तंत्रज्ञाची वाट धरावी.

सपाट पडद्यावरील ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, संख्या कारखान्यातच ठरते. सतरा इंची जुन्या मॉनिटरला ती सहसा १२८० बाय १०२४, साडेअठरा इंची रुंद पडद्याला १३६६ बाय ७६८, तर फुल एचडी मॉनिटरला १९२० बाय १०८० असते. याहून कमी रिझोल्यूशन निवडल्यास चित्र ताणून बसवावे लागते आणि कडा पुसट होतात. देवनागरीला याचा फटका विशेष बसतो. अनुस्वार व रफार शिरोरेषेत मिसळतात, ऱ्हस्व-दीर्घ उकार सारखेच भासतात. सातबाऱ्यावरील गट क्रमांकात १ आणि ९ यांची गल्लत झाली, तर ती साधी चूक राहत नाही.

काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला ठिपक्यांचे असे बंधन नव्हते. अक्षरे मोठी हवी असतील, तर रिझोल्यूशन ८०० बाय ६०० करण्याची सवय त्या काळी लागली आणि सपाट पडदे आल्यावरही ती सुटली नाही. अनेक तक्रारींचे मूळ येथेच आहे. विंडोज १० व ११ मध्ये डेस्कटॉपवर उजवी क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे, ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेलेच रिझोल्यूशन ठेवावे आणि मोठ्या अक्षरांसाठी ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. वडीलधाऱ्यांच्या संगणकावर तर हे आवर्जून करावे.

योग्य आकडा यादीतच नसेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ पाहावे. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे नाव आढळल्यास ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेला नाही, असे समजावे. विंडोज नव्याने टाकल्यानंतर असे घडू शकते. ड्रायव्हर संगणक किंवा ग्राफिक्स कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

ड्रायव्हर ठीक असेल, तर संशय केबलवर घ्यावा. मॉनिटर आपले माप संगणकाला केबलमधूनच कळवितो. व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली किंवा मध्ये हलक्या प्रतीचा कन्व्हर्टर असला, की हा निरोप पोहोचत नाही. संगणक बंद करून दुसरी केबल लावून पाहावी. व्हीजीएवर चित्र नुसते एका बाजूला सरकले असेल, तर मॉनिटरवरील ‘ऑटो’ बटण पुरते.

झेपणार नाही असे रिझोल्यूशन निवडल्यास पडदा काळा होऊन ‘आउट ऑफ रेंज’ हा संदेश येतो. अशा वेळी घाईने वीज बंद करू नये. सुमारे १५ सेकंद काहीही न दाबल्यास विंडोज सहसा पूर्वीच्या स्थितीत परतते. तसे न झाल्यास विंडोज ७ मध्ये संगणक सुरू होताना एफ-८ दाबून कमी रिझोल्यूशनचा पर्याय घ्यावा. नव्या आवृत्त्यांमध्ये घरातील टीव्ही एचडीएमआय केबलने जोडून रिझोल्यूशन कमी करणे, हा सर्वांत सोपा उपाय.