नांदेड-लातूरमधील सार्वजनिक शिक्षण व सामाजिक समता

गोदावरी व मांजरा खोऱ्यांतील या भागात निजामी राजवटीत शाळा मोजक्या होत्या. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले (१९५०).

नामांतर लढा : मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नामांतराच्या मागणीसाठी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

सद्यःस्थिती : परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ निकालांमुळे राज्यभर गाजला; पण खाजगी शिकवणीचा खर्च गरिबांना पेलत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा हंगामात तुटते. त्यांचा आधार जिल्हा परिषदेची शाळाच आहे. ती सक्षम झाल्याखेरीज समतेचा लढा पूर्ण होणार नाही.