चुन्याच्या निवळीवर पोसलेली प्रवाळे
समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सांगाडा बांधताना प्रवाळे ते आणि पाण्याची क्षारता दोन्ही वापरतात. प्रवाळे पाळलेल्या घरच्या बंद टाकीत ही तूट भरायची कशी?

१९७०च्या दशकात युरोपात पीटर विल्केन्स यांनी उपाय रुजवला: चुन्याची निवळी. वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंबाथेंबाने सोडायची. निवळी कार्बन डायऑक्साइड शोषते, त्यामुळे कॅल्शियमबरोबर क्षारताही भरून निघते. किती देखणी युक्ती! पण पाणी उडेल तेवढीच निवळी घालता येते. दाट प्रवाळांना ती अपुरी पडे.

पुढे जर्मनीत हान्स-वेर्नर बालिंग यांनी कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा वेगवेगळ्या द्रावणांतून देण्याची पद्धत मांडली. दोन्ही एकत्र ओतली, तर टाकीत पोचण्याआधीच चुनखडीचा साका बसतो.