हॅम रेडिओचा अर्थ रॉड: श्रीरामपूरच्या काळ्या मातीत कसा ठोकायचा?

हॅम रेडिओचा परवाना मिळाला, गच्चीवर अँटेना उभा राहिला, की अर्थिंगचा प्रश्न येतो. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा जमिनीतला रॉड कामाला येतो. तो कशाने ठोकायचा, हे मात्र खालच्या जमिनीवर ठरते.

माती काय सांगते?
श्रीरामपूरचा बराच भाग काळ्या, चिकण मातीचा आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात घालायला पिशवीतून विकत मिळणाऱ्या बेंटोनाइटमध्ये जे मॉन्टमोरिलोनाइट खनिज असते, तेच या मातीतही असते. ओली असताना ही माती वीज चांगली वाहून नेते. पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि वरचा थर रॉडपासून सुटतो. म्हणून किमान अडीच मीटर, म्हणजे सुमारे ८ फूट लांबीचा रॉड घ्यावा. खालची ओल टिकून राहते.

कोणते अवजार?
- पहार: आधी हिने चाचणीचे भोक पाडावे. मुरूम किती खोलीवर लागतो ते कळते.
- घण: भिजलेल्या काळ्या मातीत पुरतो. तांब्याचा मुलामा असलेला पोलादी रॉड वापरावा. निव्वळ तांब्याचा रॉड वाकतो. ठोकताना रॉडचे डोके पसरते, म्हणून क्लॅम्प आधीच ओवून ठेवावा.
- ब्रेकर मशिन: कडक मुरुमात उपयोगी. रॉडच्या डोक्यावर बसणारा जोड लावून वापरतात.
- पाण्याची धार: मऊ मातीत रॉड सहज उतरतो, पण भोवतालची माती पुन्हा घट्ट बसायला वेळ लागतो.

कातळ लागला तर?
हट्टाने ठोकत राहू नये. जागा बदलावी, रॉड ४५ अंशांत तिरका घालावा, किंवा सुमारे अडीच फूट खोल चर खणून आडवा पुरावा. दोन रॉड घालायचे असल्यास त्यांच्यात निदान एका रॉडच्या लांबीएवढे अंतर हवे.

सर्वांत मोठी चूक
रेडिओचा रॉड वेगळा आणि घराचे अर्थिंग वेगळे ठेवणे धोक्याचे आहे. जवळपास वीज पडली की दोन्हींच्या विद्युतदाबात मोठा फरक पडतो आणि प्रवाह रेडिओतून, कधी माणसाच्या हातातूनही, वाट काढतो. दोन्ही अर्थिंग जाड तांब्याच्या तारेने किंवा पट्टीने जोडावीत. तार आखूड असावी, तिला तीव्र वळणे नसावीत. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, आयएस ३०४३ या भारतीय मानकानुसार करून घ्यावे.

ठोकण्याआधी, ठोकल्यावर
जमिनीखाली वीजवाहिनी किंवा नळ नाही, याची आधी खात्री करावी. अर्थ टेस्टरने मोजणी मे महिन्यात करावी; पावसाळ्यातला आकडा फसवा चांगला येतो. आणि रॉड कितीही चांगला बसला, तरी वीज थेट अँटेनावर पडल्यास रेडिओ वाचेलच असे नाही. आभाळ भरून येऊ लागताच, गडगडाट सुरू होण्याआधी, अँटेनाची केबल काढून ठेवावी. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र तिला हात लावू नये.