बायफोकलचे दोनशे मार्क

मुलुंड असो की बोरिवली, दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक शब्द ऐकू येतो. 'बायफोकलला कॉम्प्युटर मिळालं का?' चष्म्याच्या दुकानातला हा शब्द अकरावीत काय करतोय?

गोष्ट सुरू होते १९६४मध्ये. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. १९६६च्या अहवालात त्यांनी सांगितलं, दहावीनंतरच्या दोन वर्षांत बऱ्याच मुलांना हाताला काम देणारं शिक्षण मिळावं. बायफोकल त्याच विचारातलं. एक डोळा डिग्रीवर, दुसरा नोकरीवर. म्हणून तर त्या यादीत स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती आहे, मत्स्यव्यवसाय आहे आणि आपलं कॉम्प्युटर सायन्सही आहे!

माझ्या बॅचला दोन पेपर होते. पहिल्यात डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात इंटेलचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर. चिप १९७६ची, मेमरी जास्तीत जास्त ६४ केबी. खिशात स्मार्टफोन आणि आम्ही कागदावर पेनाने त्या चिपचे प्रोग्रॅम लिहितोय! तेव्हा हसायचो. पण स्टॅक म्हणजे काय, हे मला कळलं ते तिथेच. आज त्यावरच पोट चालतं.

आता हिशोब बघा. कॉम्प्युटर सायन्सला २०० मार्क. ते आले कुठून? एका सायन्स विषयाचे १००, बहुतेकांचं बायोलॉजी जातं. आणि उरलेले १०० दुसऱ्या भाषेचे. बायोलॉजी सोडायची की नाही, यावर आमच्या घरी आठवडाभर चर्चा झाली. मराठी गेली, त्यावर एक मिनिटही नाही. फक्त आईने विचारलं, "म्हणजे मराठी संपलं का आता?" मी म्हटलं, "अगं, त्यात स्कोअर होत नाही."

गंमत म्हणजे, त्याच कोठारी आयोगाने अकरावी-बारावीसाठी दोन भाषा सुचवल्या होत्या. आपण कामाचा विषय घेतला आणि एक भाषा वजा केली. २०२०मध्ये महाराष्ट्राने शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, तोही पहिली ते दहावीपुरता.

कॉम्प्युटर घेतल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. पण आज मराठीत पॉडकास्ट करताना प्रत्येक स्क्रिप्टचे ऱ्हस्व-दीर्घ आईच तपासते. तेव्हा घरात कोणी अकरावीचा फॉर्म भरत असेल, तर कोणता विषय मिळतोय याच्यासोबत कोणता जातोय, तेही एकदा मोठ्याने वाचा.

भेटू पुढच्या भागात!