दगडफुलांनी मोजलेली हवा

गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याला मुळं नाहीत, पानांवर असतं तसं मेणाचं आवरणही नाही. पाणी, क्षार, सगळं पावसातून आणि हवेतून थेट अंगात घ्यायचं. मग हवेतलं विषही आत जाणारच. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड तर बहुतेक जातींना सोसतच नाही. विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली दगडफुलं अभ्यासून १८६६ सालीच त्यांचा हवेच्या शुद्धतेशी संबंध जोडला होता.

तरी ही विद्या शंभरेक वर्षं जाणकारांपुरतीच राहिली. ती शाळकरी पोरांच्या हाती आली ब्रिटनमध्ये, १९७१ साली.

डिसेंबर १९५२ च्या धुरक्यात लंडनमध्ये हजारो माणसं दगावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. हवा मोजणारी यंत्रं होती, पण गावोगावी कोण बसवणार? झाडं मात्र सगळीकडे होती. 'अ‍ॅडव्हायझरी सेंटर फॉर एज्युकेशन' ही संस्था आणि 'संडे टाइम्स' यांनी मुलांना पाहणीचं आवाहन केलं. पद्धत होती वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर गिल्बर्ट यांची, आणि खरी करामत तिच्या सोपेपणात होती. जातींची लॅटिन नावं पाठ करायची गरज नाही; फक्त आकार ओळखायचा. खोडाला घट्ट चिकटलेला पापुद्रा, पानासारखा पसरलेला की झुडपासारखा बाहेर आलेला? झुडपाळ दाढी दिसली तर हवा चांगली. नुसती शेवाळाची हिरवी भुकटी असली, तर वाईट.

सुमारे पंधरा हजार मुलांनी नोंदी पाठवल्या आणि त्यांतून देशाच्या प्रदूषणाचा नकाशा तयार झाला. पोरांच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका रास्तच. पण एखाददुसऱ्याची चूक एवढ्या गर्दीत बुडून जाते. शिवाय 'काहीच उगवलेलं नाही' हे ओळखायला पदवी लागत नाही.

पुढे कोळसा मागे पडला. धुरात तग धरून राहणारं राखाडी-हिरवट 'लेकॅनोरा कोनिझिऑइडिस' तेव्हा शहरांभोवती जिथेतिथे असायचं. हवेतलं गंधक घटलं तसं तेच दुर्मिळ झालं. म्हणून २००९ मध्ये 'ओपल' प्रकल्पाने शाळांना आणि सामान्य नागरिकांना पुन्हा झाडांकडे पाठवलं, तेव्हा प्रश्नच बदलला होता. आता शोध होता वाहनांतून आणि शेतीतून येणाऱ्या नायट्रोजनचा. ओळखायच्या नऊ दगडफुलांपैकी पिवळंधमक 'झँथोरिया' या नायट्रोजनवर पोसतं, म्हणून ते फांदीभर दिसलं तर हवेबद्दलची नोंद वाईट पडायची.