चामड्याची नक्कल करताना गवसलेले फडके

आजचा धागा खऱ्याखुऱ्या धाग्याविषयी आहे. सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या काचेपाशी विकायला येणारे, दुकानात पाच-पाचच्या गठ्ठ्यात मिळणारे ते निळे-पिवळे मायक्रोफायबरचे फडके आपण सर्वांनी हाताळले आहे. जुन्या धोतरांच्या आणि सुती साड्यांच्या तुकड्यांची जागा घेणाऱ्या या वस्तूचा जन्म मात्र पुसण्यासाठी झालेला नव्हता.

१९७० साली जपानमधील टोरे कंपनीचे शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम मऊ चामडे सिद्ध केले. त्यांची युक्ती मोठी सुंदर होती. एका प्लॅस्टिकच्या ‘समुद्रात’ दुसऱ्या प्लॅस्टिकची अनेक ‘बेटे’ ठेवून एकच तंतू ओढायचा आणि नंतर समुद्र विरघळवून टाकायचा. मागे उरतात ती बेटे, म्हणजेच नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तंतू. अमेरिकेत हे कापड ‘अल्ट्रास्वेड’ नावाने गेले आणि १९७२ मध्ये हॉलस्टन या वेशभूषाकाराने त्याचा शर्टासारखा झगा लोकप्रिय केला. चामड्यासारखे दिसणारे वस्त्र घरी धुता येते, याचे तेव्हा केवढे अप्रूप होते!

तंतूची सूक्ष्मता ‘डेनियर’ या एककात मोजतात. ९००० मीटर तंतूचे वजन एक ग्रॅम भरले, तर तो एक डेनियरचा. रेशमाचा तंतू साधारण एवढाच असतो आणि त्याहून बारीक तो मायक्रोफायबर. (जाता जाता : डेनियर हे मूळचे फ्रेंच नाण्याचे नाव. ते आणि गुप्तकालीन लेखांतला ‘दीनार’ हे दोन्ही शब्द रोमन ‘देनारियस’चे वंशज आहेत.)

पुसण्याच्या फडक्याकडे नेणारी वाट थोडी निराळी आहे. या तंतूत पॉलिएस्टर आणि नायलॉन संत्र्याच्या फोडींसारखे एकमेकांना चिकटवलेले असतात. कापड विणून झाल्यावर रासायनिक प्रक्रियेने त्या फोडी सुट्या करतात. फोडींना कडा असतात आणि मध्ये असंख्य फटी. कडा धूळ व तेलकटपणा खरवडून घेतात, फटी पाणी शोषतात. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांनी अतिसूक्ष्म तंतूंची पुसण्याची कापडे बाजारात आणली. पुढे युरोपातही ती रुजली.

हा इतिहास ठाऊक असला की दुकानात फसगत होत नाही. स्वस्त मालात अनेकदा फोडी सुट्याच केलेल्या नसतात. तंतू बारीक असतो, पण गोल आणि गुळगुळीत राहतो. असे फडके पाणी टिपण्याऐवजी पुढे ढकलते. म्हणून टेबलावर चमचाभर पाणी सांडून पाहावे. दुसरी खूण हाताची : चांगले फडके तळहाताच्या खरखरीत त्वचेला किंचित अडकते. वेष्टनावरचे ‘८०/२०’ हे पॉलिएस्टर-नायलॉनचे प्रमाण, तर ‘जीएसएम’ हे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. जाडी वाढली म्हणजे गुण वाढला, असे मुळीच नाही. काचेला पातळ, कमी लवेचेच फडके बरे.

निगेचे नियमही त्या फटींतूनच निघतात. कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याचा स्निग्ध थर फटींत बसतो आणि फडक्याची शोषणशक्ती घटते. टॉवेलसोबत धुऊ नये, सुती लव कडांना चिकटून राहते. ब्लीच आणि इस्त्री टाळावी. साध्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवले की पुरे.

एक हिशेब मात्र या स्वस्ताईत धरलेला नसतो. कृत्रिम कापड धुताना तंतू झडतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मार्क ब्राऊन व सहकाऱ्यांच्या संशोधनात एका वस्त्राच्या एका धुण्यातून १९०० हून अधिक तंतू सुटू शकतात, असे आढळले. ते प्रयोग कपड्यांवर झाले होते, पण आपले फडकेही त्याच जातकुळीचे. तेव्हा केवळ धूळ बसली असेल तर ते झटकावे, दर वेळी धुऊ नये. काचेसाठी निकामी झालेले फडके ओट्याला, तिथून सायकलच्या साखळीला लावावे. धोतराच्या फडक्यांची आपल्या आज्यांनी लावलेली उतरंड अशीच होती.