उपग्रहीय उंची-प्रतिमानांची अचूकता : एक ऐतिहासिक चिकित्सा

इ.स. १८५६ मध्ये भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजेच एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट जाहीर केली. दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील मैदानी ठाण्यांवरून थिओडोलाइटने घेतलेल्या वेधांवर ती आधारलेली होती. नेपाळ व चीन यांनी २०२० मध्ये जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर आहे. दोहोंतील फरक सुमारे नऊ मीटरांचा भरतो.

अंकीय उंची-प्रतिमानांच्या इतिहासातही नऊ हाच आकडा पुन्हा भेटतो, हा योगायोगच. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' यानाने ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या दोन टोकांवरील रडार अँटेनांच्या साहाय्याने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांशांदरम्यानच्या भूपृष्ठाची मोजणी केली. या एसआरटीएम मोहिमेत, नव्वद टक्के विश्वासपातळीवर, उंचीतील दोष १६ मीटरांहून कमी असावा असे उद्दिष्ट होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात कोणत्याही खंडात तो सुमारे ९ मीटरांपलीकडे गेलेला आढळला नाही.

हा निष्कर्ष खरा आहे. परंतु तो कशाशी तुलना करून काढला, हे पाहणे अगत्याचे ठरते. या मूल्यमापनाचा एक प्रमुख आधार वाहनांवर जीपीएस बसवून रस्त्यांवरून घेतलेल्या नोंदी हा होता. रस्ता सहसा सौम्य उताराची, मोकळी जमीन शोधतो. सह्याद्रीचे कडे त्यात येत नाहीत. कड्यामागे रडारची सावली पडून माहितीत पोकळ्या राहतात, आणि ९० मीटरांच्या एका चौकटीत कडा व पायथा यांची एकच उंची नोंदली जाते. ४५ अंशांच्या उतारावर स्थानात २० मीटरांची चूक झाल्यास उंचीतही तेवढीच चूक होते.

मोजपट्टीही निर्दोष नसते. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांवर समोच्च रेषांचे अंतर सामान्यतः २० मीटर असते. त्या रेषांमधून अंतर्वेशनाने काढलेल्या उंचीशी प्रतिमानाची तुलना करून उपग्रहाला दोष देणे न्याय्य नव्हे. जीपीएसची उंची लंबवर्तुळाभापासून, तर एसआरटीएमची जिऑइडपासून मोजलेली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेस हे अंतर शंभर मीटरांहून अधिक आहे, आणि महाराष्ट्रातही ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. हे रूपांतर राहून गेले, तर साऱ्या मूल्यमापनाचा पायाच ढासळतो.

२०१४ पासून भारतासह इतर देशांसाठी ३० मीटरांची चौकट टप्प्याटप्प्याने खुली झाली. चौकट लहान झाली, मात्र मूळ रडारवेध २००० सालचेच राहिले. घाटमाथ्यावर कोकणात उतरणारे पाणी आणि कृष्णेकडे वळणारे पाणी यांना विभागणारी रेषा कित्येक ठिकाणी कड्याच्या अगदी काठावरून जाते. पाणलोटक्षेत्राची सीमा प्रतिमानावरून आखताना नेमक्या याच पट्टीतील दोष सर्वांत मोठा असतो, आणि खंडनिहाय सरासरीत तो दिसत नाही.